गोवराची लस नवव्या महिन्यात का?

बीसीजीची लस बाळाला जन्मतःच देतात. मग गोवराची (आता गोवर-रुबेलाची) लस ९ महिने पूर्ण होईपर्यंत का थांबवतात? वर्गात हा प्रश्न जरूर विचारून पाहा.

बाळ पोटात असताना आईची प्रतिपिंडे वारेतून त्याच्या रक्तात येतात. ही उसनी प्रतिकारशक्ती काही महिन्यांत ओसरते. पण असेपर्यंत ती लसीलाही शत्रूच समजते! या लसीत जिवंत, पण दुबळे केलेले विषाणू असतात. शरीरात त्यांची थोडी वाढ झाली, तरच बाळाच्या स्वतःच्या स्मृतिपेशी तयार होतात. आईची प्रतिपिंडे ही वाढच रोखतात. क्षयाविरुद्धचे संरक्षण मुख्यतः टी-पेशींचे असल्याने बीसीजीला ही अडचण येत नाही.

मग वर्षभर का थांबू नये? बाराव्या महिन्यात दिलेली लस सुमारे ९५ टक्के बालकांना लागू पडते, नवव्या महिन्यातली सुमारे ८५ टक्क्यांना. पण जिथे गोवराची साथ फिरते, तिथे मधले ३ महिने बाळ उघडे पडते, आणि तान्ह्या बाळांनाच गोवर अधिक जीवघेणा ठरतो. ९ हा आकडा अशा तडजोडीतून आला आहे. १६ ते २४ महिन्यांतला दुसरा डोस मुख्यतः पहिला लागू न पडलेल्या बालकांसाठी असतो. उत्तरपत्रिकेत त्याला सरसकट ‘बूस्टर’ लिहिणे बरोबर नाही.