विश्लेषण : न्यूझीलंडच्या व्हिसाचा सल्ला देण्यासाठी परवाना का लागतो? तो कसा मिळतो?

‘स्टुडंट व्हिसा आम्ही करून देतो, पुढे वर्क व्हिसा आणि पीआरचेही बघू.’ परदेशी शिक्षणाच्या कोणत्याही मेळाव्यात गेलात, तर अशा अर्थाचे वाक्य हमखास कानावर पडते. ऐकताना ते एकच आश्वासन वाटते. पण न्यूझीलंडच्या कायद्याने या वाक्याचे दोन तुकडे होतात. पहिल्या भागाचा सल्ला भारतात बसून परवान्याशिवाय देता येतो. दुसऱ्या भागाचा सल्ला देण्यासाठी मात्र न्यूझीलंडचा परवाना लागतो, मग सल्लागाराचे ऑफिस पुण्यात असो की नाशिकमध्ये.

हा कायदा काय आहे?

न्यूझीलंडने २००७ मध्ये ‘इमिग्रेशन ॲडव्हायझर्स लायसन्सिंग ॲक्ट’ केला. देशातील सल्लागारांना मे २००९ पासून आणि देशाबाहेरील सल्लागारांना मे २०१० पासून परवाना सक्तीचा झाला. परवाने देण्याचे काम ‘इमिग्रेशन ॲडव्हायझर्स ॲथॉरिटी’ ही सरकारी यंत्रणा करते. सल्ला देणारा कुठे बसला आहे, यापेक्षा सल्ला न्यूझीलंडच्या व्हिसाबद्दल आहे का, हे हा कायदा पाहतो. फी घेतली नाही, म्हणून सुटका होत नाही.

‘सल्ला’ कशाला म्हणायचे?

सरकारी संकेतस्थळावर असलेली माहिती जशीच्या तशी सांगणे, कागदपत्रांचे भाषांतर करणे किंवा निव्वळ कारकुनी काम करणे म्हणजे सल्ला नव्हे. पण ‘तुमच्या प्रोफाइलला हा व्हिसा बसेल, अर्ज असा करा’ असे सांगितले की तो सल्ला होतो. तुमच्या वतीने इमिग्रेशन खात्याशी बोलणेही त्यातच येते.

सूट कोणाला आहे?

न्यूझीलंडमध्ये वकिलीची सनद असलेले वकील, तिथले खासदार आणि त्यांचे कर्मचारी, तसेच मोफत कायदेशीर मदत देणारी सामुदायिक केंद्रे यांना परवाना लागत नाही. घरच्यांनी किंवा मित्राने फी न घेता सहज दिलेला सल्लाही चालतो. मात्र त्याचा धंदा करता येत नाही.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांसाठी महत्त्वाची सूट आणखी एक आहे. न्यूझीलंडबाहेर राहून फक्त स्टुडंट व्हिसाबद्दल सल्ला देणाऱ्यालाही परवाना लागत नाही. यातला ‘फक्त’ हा शब्द महत्त्वाचा. शिक्षण संपल्यावर मिळणारा वर्क व्हिसा, जोडीदाराचा व्हिसा किंवा रेसिडेन्स, म्हणजे आपण ज्याला पीआर म्हणतो, यापैकी कशावरही सल्ला दिला की सूट संपते. कुटुंबे कर्ज काढतात ती बहुतेकदा या दुसऱ्या भागाच्या भरवशावर. म्हणून तो कोण सांगतो आहे, हे पाहणे गरजेचे आहे.

परवाना मिळवायचा कसा?

नेहमीचा मार्ग आहे ‘ग्रॅज्युएट डिप्लोमा इन न्यूझीलंड इमिग्रेशन ॲडव्हाइस’. तोई ओहोमाई या तिथल्या तंत्रशिक्षण संस्थेचा हा अभ्यासक्रम ऑनलाइन आहे. पूर्णवेळ केला तर तो साधारण वर्षभराचा आहे. इमिग्रेशनचे नियम, त्यांचा प्रत्यक्ष प्रकरणात वापर आणि सल्लागाराची आचारसंहिता हा त्याचा गाभा. कायद्याची पदवी लागत नाही, इंग्रजी मात्र पक्के हवे.

डिप्लोमा झाला की थेट पूर्ण परवाना मिळत नाही. आधी ‘प्रोव्हिजनल’ म्हणजे तात्पुरता परवाना मिळतो. त्यावर काम करताना पूर्ण परवाना असलेल्या सल्लागाराच्या देखरेखीखाली राहावे लागते. हा काळ साधारण दोन वर्षांचा. काम समाधानकारक असेल तर पूर्ण परवाना. ठरावीक प्रकारच्या व्हिसापुरता ‘लिमिटेड’ परवानाही असतो. परवान्याचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते आणि त्यासाठी शिकणे सुरू ठेवावे लागते. दिवाळखोरीतून मुक्त न झालेल्या किंवा इमिग्रेशन कायद्याखाली दोषी ठरलेल्या व्यक्तीला परवाना मिळत नाही.

भारतात राहून हे करता येते?

हो. कायदा देशाबाहेरील सल्लागारांनाही लागू असल्याने परवानाही देशाबाहेर राहून घेता येतो. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात मात्र नोंदणीकृत सल्लागार होण्यासाठी सहसा त्या देशाचे नागरिकत्व किंवा कायमचे वास्तव्य लागते. खरी अडचण पुढे येते ती देखरेख करणारा सल्लागार शोधताना. डिप्लोमाची फी भरण्याआधीच त्याची चौकशी केलेली बरी.

नियम मोडला तर?

जाणूनबुजून विनापरवाना सल्ला देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख न्यूझीलंड डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. परवानाधारकाने चूक केली, तर ग्राहकाला तक्रार करता येते. स्वतंत्र न्यायाधिकरण परवाना रद्द करू शकते, फी परत करायला लावू शकते आणि दहा हजार डॉलरपर्यंत दंडही लावू शकते. सल्लागाराकडे परवानाच नसेल, तर तक्रारीचा हा मार्ग बंद असतो.

विनापरवाना व्यक्तीने दुसऱ्याच्या वतीने केलेला अर्ज इमिग्रेशन खाते स्वीकारत नाही. त्यामुळे असे एजंट पडद्यामागे राहतात. फॉर्म ते भरतात, नाव आणि सही तुमची. अर्ज भरायला कोणी मदत केली का, या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहायला सांगतात. पण अर्जातल्या माहितीची जबाबदारी कायद्याने अर्जदाराची असते. खोटे उत्तर पकडले गेले तर एजंटचे नाव कुठेच नसते, तुमचे असते.

तुम्ही काय तपासाल?

* ॲथॉरिटीच्या संकेतस्थळावरील नोंदवहीत सल्लागाराचे नाव शोधा. ती सर्वांसाठी खुली आहे.
* परवाना कोणत्या प्रकारचा आहे आणि चालू आहे का, हे पाहा. तो कंपनीच्या नव्हे, व्यक्तीच्या नावावर असतो. ‘आमच्या ऑफिसमध्ये एकाकडे आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. सल्ला देणाऱ्याकडेच तो हवा.
* फी आणि कामाचा तपशील लेखी करारात घ्या. आचारसंहितेनुसार परवानाधारकाला तो करावाच लागतो.
* अर्ज पाठवण्याआधी स्वतः पूर्ण वाचा. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका.

नोंदवहीत नाव शोधायला मोबाइलवर दोन मिनिटे लागतात. पहिला हप्ता देण्याआधी ती काढा.