मुंबईत दोन दिवस, चिकन-मटण नको पण मासे हवेत: जेवायचं कुठे?

(हे या भागाचं शब्दांकन. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत. सगळे नाही.)

हेडफोन लावलेत? जेवण झालंय? झालं नसेल तर आधी जेवून घ्या, कारण आजचा भाग उपाशीपोटी ऐकवणार नाही.

झालं असं की नागपूरहून एकीचा व्हॉइस मेसेज आला. ती आणि तिच्या तीन मैत्रिणी दोन दिवसांसाठी मुंबईला येतायत. दोघी पक्क्या व्हेज, एक सगळं खाणारी, आणि ही स्वतः चिकन-मटण सोडलेली पण मासे खाणारी. ग्रुपमध्ये तिला 'अर्धी व्हेज' म्हणून चिडवतात. ती म्हणते, "ताई, असं ठिकाण सांग ना, जिथे मला दर वेळी वेटरला भाषण द्यावं लागणार नाही."

मेसेज ऐकून मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं, कारण मीही त्यातलीच. गावच्या जत्रेच्या आधी चार दिवस एका बोकडाला मी स्वतःच्या हाताने पाला घातला होता. पाचव्या दिवशी ताटात काय होतं ते कळलं आणि घास उतरेना. तेव्हापासून मटण बंद, मग चिकनही बंद. "मग मासा काय जीव नाही का गं?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारून झालाय की आता मी सरळ सांगते, आहे. माझ्याकडे चोख उत्तर नाही. पण मासे मी खाते आणि चिकन खात नाही, एवढं मात्र पक्कं आहे.

याला हल्ली पेस्कटेरियन म्हणतात. शब्द नवा आहे, माणसं नाहीत. गोव्यात आणि कोकणात कितीतरी सारस्वत घरांत पिढ्यान्‌पिढ्या मासे चालतात आणि मटण नाही. तिथे कोणी कोणाला 'अर्धी व्हेज' म्हणत नाही. अडचण बाहेर जेवताना येते, कारण हॉटेलात दोनच खाणी असतात, व्हेज आणि नॉनव्हेज. पाकिटांवरच्या खुणांचंही तेच. हिरवी खूण नाही म्हणजे संपलं, मग आत बांगडा असो की बोकड.

आणि इथेच घोळ होतो. एकदा एका हॉटेलात, नाव नाही सांगत, मी कोलंबी बिर्याणी मागवली. अर्धी संपल्यावर तळाशी चिकनचा तुकडा. वेटर म्हणाला, "मॅडम, राइस एकच असतो, वरून प्रॉन्स टाकतात." त्याच्या दृष्टीने त्यात काही चुकलंच नव्हतं. नॉनव्हेज मागितलं, नॉनव्हेज मिळालं! तेव्हापासून जिथे सगळं मिळतं तिथे मी बिर्याणी मागवत नाही. सूपही नाही, कारण 'सी-फूड सूप' बऱ्याचदा चिकनच्या स्टॉकमध्ये होतं. प्रॉन्स फ्राइड राइसचं तसंच.

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की फोनवर नुसतं 'बेस्ट सी-फूड' शोधू नका. त्या स्वयंपाकघरात मासा मुख्य आहे की नाही ते बघा. मालवणी, गोमंतकीय, मंगळुरी या खाणावळींत चिकन-मटण मिळतं, पण तिथे मासा पाहुणा नसतो, घरचा असतो. माशाची कढी वेगळी, तिचं वाटण वेगळं, आंबटपणाला कोकम किंवा चिंच. त्या कढीत चिकनचा स्टॉक घालायचं कोणाला सुचणारही नाही.

चला, आता आपल्या नागपूरच्या मंडळींचं वेळापत्रक लावू. त्या विदर्भ एक्स्प्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरणार आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीच गाडी धरणार. म्हणजे मोठी जेवणं तीन.

पहिली दुपार फोर्टात. स्टेशनपासून चालत जाता येतं. इथे 'महेश लंच होम' आहे. नावातच कळतं ना, ऑफिसवाल्यांच्या दुपारच्या जेवणासाठी सुरू झालेली मंगळुरी खाणावळ, १९७०च्या दशकातली. आता ते मोठं नाव आहे आणि बिलही त्या मानाने येतं. पण मंगळुरी जेवण काय असतं ते कळायला ही जागा चांगली. गस्सी मागवा, म्हणजे नारळाची दाट, लाल करी. सोबत नीर डोसा, तो पातळ, मऊ, जाळीदार तांदळाचा डोसा. करी त्याने पुसून खायची, चमच्याचं काम नाही.

इथे एक शब्द लक्षात ठेवा, 'कोरी'. तुळू भाषेत कोरी म्हणजे कोंबडी. मेनूत 'कोरी रोटी' वाचून एखादी भाकरीसारखी साधी रोटी असेल असं वाटतं. नाही हो! ती चिकनची करी आणि तांदळाची कुरकुरीत रोटी. गस्सी, सुक्का, घी रोस्ट हे मात्र बनवायचे प्रकार आहेत. ते चिकनचेही असतात आणि कोलंबीचेही, त्यामुळे कशाचं हवं ते सांगायचं. अंजल म्हणजे आपली सुरमई. काणे म्हणजे मुडदुशी. मरवाई म्हणजे तिसऱ्या. हे तीन शब्द येत असले की मंगळुरी मेनू अर्धा सुटला.

फोर्टातच दुसरा रस्ता पारशी जेवणाचा. बॅलार्ड इस्टेटमधलं 'ब्रिटानिया' १९२३ सालचं, आणि ते दुपारचं ठिकाण आहे, रात्रीसाठी ठेवू नका. तिथल्या बेरी पुलावाचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण तो चिकन-मटणाचाही येतो, म्हणून मागवताना नीट सांगायचं. आपल्यासाठी तिथे तळलेले बोंबील. आणि पारशी जेवणातली पात्रानी मच्छी, म्हणजे पापलेटला हिरवी चटणी माखून, केळीच्या पानात गुंडाळून वाफवलेलं. तेल जवळजवळ नाहीच. पारशी म्हटलं की सगळे धनसाक धनसाक करतात, पण ते बहुतेक वेळा मटणाचं. आपण धनदार ने पातियो विचारायचं. साधं वरण, भात, आणि बाजूला कोलंबीचा आंबट-गोड-तिखट पातियो. मला विचाराल तर पारशी जेवणातली ही सगळ्यात समजूतदार गोष्ट आहे, आणि दोघी व्हेज मैत्रिणींना त्यातला वरणभात खाता येतो.

रात्री काळा घोडा. तिथे 'तृष्णा'. हे एकदाच परवडणारं ठिकाण आहे हे आधीच सांगते. लोक इथे येतात ते बटर-गार्लिक खेकड्यासाठी. वेटर खेकडा आणून दाखवतात, मग तो आत जातो. जिवंत खेकडा समोर बघून माझ्यासारखीची काय अवस्था होते ते मी वर सांगितलेल्या बोकडावरून ओळखा. मी दुसरीकडे बघते. पण खाते.

आता पैशांचं. माशांच्या हॉटेलात मेनूवर काही पदार्थांपुढे भाव नसतो, 'एपीएस' लिहिलेलं असतं. म्हणजे आकारानुसार. खेकडा, पापलेट, मोठी कोलंबी यांचं हे असतं. कॉलेजात असताना आम्ही पाच जणांनी ते न विचारता एक खेकडा मागवला आणि परत येताना टॅक्सीऐवजी बस पकडली. लाजायचं नाही. वजन किती आणि एकूण किती होणार, हे ऑर्डर जाण्याआधी विचारायचं. वेटरला त्यात काही वावगं वाटत नाही, वाटतं ते आपल्यालाच.

आणखी एक. "मासा ताजा आहे का?" हा प्रश्न विचारू नका. कोण नाही म्हणणार? "दादा, आज काय आलंय?" असं विचारा. जो पटकन दोन-तीन नावं घेतो, "आज मुडदुशी चांगली आहे, हलवा नको घेऊ" वगैरे, त्याच्यावर विश्वास ठेवा. जो "सब फ्रेश है" म्हणतो, तिथे मी गपचूप बांगडा मागवते.

दुसरी दुपार दादर, आणि खरं सांगू, मला द्यायचा तो सल्ला हाच आहे. वेळ कमी असेल तर बाकीचं सोडा, दादरला जा. पश्चिमेला शिवसेना भवनाच्या आसपास 'सिंधुदुर्ग' आणि 'चैतन्य' ही मालवणी जेवणाची ठिकाणं. बाहेर नाव लिहून थांबावं लागतं. थाळी मागवायची. तळलेल्या माशाची तुकडी, वाटीत कढी, भात, तांदळाची भाकरी किंवा वडे, आणि सोलकढी. ज्यांना काट्यांची भीती आहे, विदर्भातल्या पुष्कळांना असते, त्यांनी सुरमईची थाळी घ्यावी. तुकडीत मधे एक जाड काटा, तो काढला की काम झालं. बोंबीलही सोपा, त्याचा काटा इतका मऊ की खाल्ला तरी कळत नाही. बोंबलात पाणी फार असतं, म्हणून तळण्याआधी वजनाखाली दाबून ते काढतात, मग रव्यात घोळवून तव्यावर. बाहेरून कुरकुरीत आणि आत लोण्यासारखा. कर्लीच्या वाटेला मात्र पहिल्याच दिवशी जाऊ नका. चव भारी, पण काटे मोजायला बसाल.

आणि इथे ग्रुपमधलं भांडणही मिटतं. व्हेज मैत्रिणींसाठी काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे. ती काही 'त्यांच्यासाठी पनीर करून देतो' टाइप तडजोड नाही, कोकणातला मानाचा पदार्थ आहे. फक्त तव्याबद्दल विचारून घ्या. ज्यांना तेल-तवा वेगळा लागतो त्यांनी तळलेलं टाळावं. हे मासे खाणाऱ्यांनाही लागू. कढीत चिकन नसतं, पण तळणीच्या तेलाचं मी छातीठोकपणे सांगणार नाही. "चिकन आणि मासे एकाच तेलात तळता का?" एवढंच विचारायचं. एक वाक्य. त्याला भाषण म्हणत नाहीत.

दादरला जमलं नाही तर वांद्रे पूर्वेला गांधीनगरात 'हायवे गोमंतक'. जागा साधी, जेवण घरच्यासारखं, खिसाही फार दुखत नाही. तिसऱ्या तिथे खा. आणि कोणी विमानाने येणार असेल तर विलेपार्ल्यात 'गजाली', विमानतळापासून जवळ. गजाली म्हणजे मालवणीत गप्पा. निघण्याआधी फोन करून वेळ आणि सुट्टीचा वार विचारा.

आता थोडं गंभीर. तुम्ही नक्की कधी येताय? कारण १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ असतो तो. तेव्हाही हॉटेलात पापलेट मिळतं! कुठून येतं? बरंचसं बर्फातलं. काही पूर्व किनाऱ्यावरून, कारण तिकडची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, म्हणजे आपली संपायच्या आधी त्यांची उठते. जून-जुलैत येणार असाल तर मी म्हणेन सुक्या मासळीकडे वळा. सोड्यांची खिचडी किंवा सुकटीची चटणी मिळाली तर सोडू नका. पावसाळ्यासाठीच तर ते वाळवून ठेवतात.

आणि पापलेट. २०२३मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्य मासा जाहीर केलं. कौतुक म्हणून नाही फक्त, ते कमी होत चाललंय म्हणून. थाळीत तळहातापेक्षा लहान, अख्खं पापलेट आलं तर ते बहुधा एकदाही अंडी न घातलेलं पिल्लू असतं. स्वस्तात अख्खं पापलेट मिळतंय म्हणून आपण खूश होतो. मीही व्हायचे. आता लहान दिसलं की मी बांगडा किंवा मांदेली घेते. बोकडासाठी मटण सोडलं म्हणून मिरवायचं आणि इकडे पिल्लं खायची, हे मला जमेना.

तर नागपूरकर मैत्रिणी, तुझं असं ठरलं. पहिल्या दुपारी फोर्ट, रात्री बजेट असेल तर काळा घोडा, नसेल तर वांद्रे. दुसऱ्या दुपारी दादर, बाराच्या आत पोच, नाहीतर रांगेत उभी राहशील. विदर्भ दादरलाही थांबते, सामान घेऊन परत सीएसएमटीला जायची गरज नाही. आणि बोंबील पार्सल घ्यायचा मोह होईल, घेऊ नकोस. ते अर्ध्या तासात मऊ पडतात, आणि एसी डब्यात त्या वासासकट रात्रभर त्या दोघी व्हेज मैत्रिणी तुझ्यासमोरच्या बर्थवर असणार आहेत.

कुठे काय खाल्लं ते व्हॉइस मेसेजवर कळव. पुढच्या भागात ऐकवते सगळ्यांना.