रुतलेलं नख आणि आपली घाई

मंडळी, गेल्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, पायाचं रुतलेलं नख ऑपरेशनशिवाय बरं होतं का? तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याला हे कशाला, असं आम्हाला वाटलं नाही. कारण कोणतं नि परिणाम कोणता, हाच तर इथला घोळ आहे.

अंगठ्याच्या नखाची कड बाजूच्या मांसात शिरते. चादर लागली तरी ठणका बसतो. मग आपण काय करतो? बोचणारा कोपरा नेलकटरनं खोल कापून टाकतो. दोन दिवस बरं वाटतं. पण त्या मोकळ्या जागेत मांस वर येतं, आणि आत उरलेली नखाची कुसळासारखी धार वाढता वाढता थेट त्यातच घुसते. ऑपरेशनची भीती म्हणून दर महिन्याला घरीच ऑपरेशन!

नखाच्या मधोमध खाच पाडली की कडा आत ओढल्या जातात, अशीही एक समजूत आहे. अहो, नख वाढतं मुळाशी, त्वचेखाली. टोकाचा भाग निर्जीव. तिथल्या खाचेची खबर मुळाला कशी लागणार? उलट व्हॅन्डेनबॉस आणि बॉवर्स यांनी १९५९ साली असं मांडलं की दोषी नख नव्हेच. चालताना वजन पडून बाजूचं मांस नखावर दाबलं जातं. हा वाद पूर्ण मिटलेला नाही, पण उपाय करताना मांसाकडेही बघावं, एवढं त्यातून घेता येतं.

सूज थोडी असेल, पू नसेल, तर पाय कोमट पाण्यात १० ते २० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. मग नीट कोरडा करायचा. नख मऊ असतानाच कोपऱ्याखाली स्वच्छ कापसाची बारीक वळी सरकवायची, रोज बदलायची. ते जमत नसेल तर चिकटपट्टीनं मांस नखापासून बाहेरच्या बाजूला ओढून पट्टी अंगठ्याभोवती तिरकी फिरवायची, फार आवळायची नाही. निमुळते बूट बंद.

आणि थांबायचं. पायाचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं. कोपरा चार-पाच मिलिमीटर आत कापला असेल तर तो मांसापुढे यायला तीन महिने लागणारच. आपला धीर तिसऱ्या दिवशी सुटतो, नि हात पुन्हा नेलकटरकडे जातो.

मधुमेह असलेल्यांनी, किंवा पायातला रक्तपुरवठा वा संवेदना कमी झालेल्यांनी मात्र यातलं काहीही घरी करू नये. दुखत नाही म्हणजे ठीक आहे, हे अनुमान त्यांच्या बाबतीत घातक ठरतं. छोटी जखम चिघळून बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. पू, पसरणारी लाली, ताप असेल तर कुणीही डॉक्टरकडेच जावं. अँटिबायोटिक जंतूंना मारील, रुतलेलं नख बाहेर काढणार नाही. आणि डॉक्टर म्हणजे लगेच सुरी, असंही नाही. सलाईनच्या नळीचा उभा चिरलेला तुकडा नखाच्या कडेला बसवूनही ते मांस दूर ठेवतात.

पुढे नख कापाल ते सरळ आडवं, दोन्ही कोपरे मांसावर मोकळे दिसतील असं. वाकून दिसत नसेल तर घरातल्या कुणाला तरी कापायला सांगा. आपल्या वयात त्यात लाजायचं काय?