साडू, मावसभाऊ आणि १९१४चा उन्हाळा

२४ मे १९१३ रोजी बर्लिनमध्ये कैसर दुसरा विल्हेल्म याच्या एकुलत्या एका मुलीचे, व्हिक्टोरिया लुइसेचे, लग्न लागले. इंग्लंडचा पाचवा जॉर्ज आणि रशियाचा झार दुसरा निकोलस हे दोघेही लग्नाला आले होते. योगायोग असा, की ती राणी व्हिक्टोरियाची जन्मतारीख. तिची नऊ मुले आणि चाळीसच्या घरातली नातवंडे युरोपभर विखुरलेली होती. या लग्नानंतर हे तीन राजे पुन्हा कधीच एकत्र भेटले नाहीत. पंधरा महिने पुरते उलटायच्या आत त्यांची सैन्ये एकमेकांवर तोफा डागत होती. तेव्हापासून पहिल्या महायुद्धाला 'राजघराण्यांची भाऊबंदकी' म्हणण्याची सवय पडली आहे. ती मला चुकीची वाटते. भाऊबंदकीत भांडण नात्यातून उपजते आणि वाटणी भाऊच मागतो. १९१४ सालचे भांडण नात्याबाहेर जन्मले होते आणि नात्याकडे ते मिटवायची ताकद नव्हती. तरीही ती आहे असा भरवसा शेवटच्या आठवड्यात बर्लिनमध्ये धरला गेला. त्या भरवशाने झालेले नुकसान कोणत्याही हेव्यादाव्याहून मोठे आहे.

आधी नाती नीट लावून घेऊ. इंग्रजीतला 'कझिन' हा शब्द सगळ्यांना एकाच पंगतीत बसवतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. जॉर्ज आणि निकोलस सख्खे मावसभाऊ. त्यांच्या आया, अलेक्झांड्रा आणि डागमार, या डेन्मार्कच्या नवव्या क्रिस्टियनच्या मुली. दोघे मावसभाऊ इतके सारखे दिसत, की पाहणारे फसत. विल्हेल्मची आई ही जॉर्जच्या वडिलांची, सातव्या एडवर्डची, थोरली बहीण, म्हणजे विल्हेल्म हा जॉर्जचा आतेभाऊ. विल्हेल्म आणि निकोलस यांचे रक्ताचे नाते मात्र तीन-चार पिढ्या मागे जाऊन शोधावे लागते. त्यांना जवळ आणले ते लग्नांनी. निकोलसची राणी अलिक्स ही विल्हेल्मची मावसबहीण, आणि तिची सख्खी बहीण इरेन ही विल्हेल्मच्या धाकट्या भावाची, हाइनरिशची, बायको. म्हणजे झार आणि कैसरचा भाऊ हे एकमेकांचे साडू.

या इरेनची जन्मकथा आपल्या विषयाच्या गाभ्याशी नेऊन सोडते. ती ११ जुलै १८६६ रोजी डार्मस्टाटला जन्मली, तेव्हा प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांचे युद्ध चालू होते. तिचे वडील हेसच्या सैन्यात प्रशियाविरुद्ध लढत होते. तिची आई अ‍ॅलिस ही व्हिक्टोरियाची मुलगी. अ‍ॅलिसच्या सख्ख्या बहिणीचा नवरा फ्रित्स, म्हणजे विल्हेल्मचा बाप, आठच दिवसांपूर्वी सादोव्हाच्या रणात प्रशियाच्या दुसऱ्या सैन्याचे नेतृत्व करून आला होता. दोन सख्ख्या बहिणींचे नवरे दोन बाजूंना. ग्रीक भाषेत इरेन म्हणजे शांतता; आईने मुलीचे नाव ते ठेवले. त्याच वर्षी प्रशियाने हॅनोव्हरचे राज्य गिळले आणि तिथला राजा तर व्हिक्टोरियाचा चुलतभाऊ होता. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी प्रशियाने डेन्मार्कवर चाल केली, तेव्हा एक सून डॅनिश आणि एक जावई प्रशियन अशी व्हिक्टोरियाच्या घरात फाळणी झाली होती. सोयरीक युद्ध थोपवत नाही याचा पुरावा १९१४च्या अर्धशतक आधी याच घराने पाहिला होता.

मग राजांनी स्वतः पुढाकार घेतला तर? तोही प्रयोग होऊन गेला होता. २४ जुलै १९०५ रोजी फिनलंडच्या किनाऱ्यालगत ब्यॉर्कोजवळ विल्हेल्म आणि निकोलस आपापल्या बोटी घेऊन भेटले आणि झारच्या 'पोल्यार्नाया झ्वेझ्दा' या बोटीवर दोघांनी एका संरक्षण-करारावर सह्या केल्या. विल्हेल्मला वाटले, युरोपचा नकाशा आपण बदलला. प्रत्यक्षात त्याचा चान्सलर ब्यूलो राजीनामा द्यायला निघाला आणि रशियात परराष्ट्रमंत्री लाम्सडॉर्फ व मुत्सद्दी विट्टे यांनी झारला फ्रान्सशी आधीच झालेल्या युतीची आठवण करून दिली. दोन सम्राटांच्या सह्यांचा तो कागद निकामी झाला. राज्ये आता मंत्रिमंडळे, सेनापतींची कार्यालये आणि रेल्वेची वेळापत्रके यांवर चालत होती. दोघा राजांचे जुळले म्हणून दोन राज्यांचे जुळेल, ही अपेक्षा तेव्हाच मोडीत निघायला हवी होती.

१९१४च्या जुलैत तर भांडणाचे मूळच या गोतावळ्याबाहेर होते. व्हिएन्नाचे हाब्सबुर्ग कॅथलिक. व्हिक्टोरिया आणि क्रिस्टियन यांच्या वंशवेलीशी त्यांचा जवळचा संबंध नव्हता. सर्बियाचा राजा पीटर काराजॉर्जेविच त्याहून दूरचा. २८ जूनला सारायेव्होत ऑस्ट्रियाचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड मारला गेला, तेव्हा परदेशी राजांना अंत्ययात्रेला बोलावलेच नाही. त्याची पत्नी सोफी दरबाराच्या लेखी कमी कुळातली, म्हणून सगळे घाईत आणि आखडत्या हाताने उरकले. १९१० साली सातव्या एडवर्डच्या अंत्ययात्रेत नऊ राजे घोड्यावरून निघाले होते. राजांनी भेटावे असा प्रसंग १९१४ सालीही आला होता आणि तो घरच्याच मानापमानात गेला. तिथे भेट झाली असती तर युद्ध टळले असते असे मी म्हणत नाही, पण या नात्यांचे एकमेव खरे काम, समोरासमोर बसवणे, तेही झाले नाही.

मागे उरल्या तारा. २९ जुलैपासून 'विली' आणि 'निकी' अशा सह्यांनी इंग्रजीत तारा सुटू लागल्या. माझ्या म्हणण्याविरुद्ध सगळ्यात वजनदार पुरावा याच तारांत आहे आणि तो टाळता येत नाही. २९ जुलैच्या रात्री विल्हेल्मची तार वाचून निकोलसने सार्वत्रिक जमवाजमवीचा निघू घातलेला हुकूम खरोखर मागे घेतला. एका नातलगाच्या शब्दावर लाखो माणसांचे सैन्य थांबले, असे त्या रात्रीपुरते म्हणता येईल. पण दुसऱ्या दिवशी दुपारी परराष्ट्रमंत्री साझोनोव्ह पीटरहोफला गेला, तासभर बोलला आणि हुकूम पुन्हा निघाला. नात्याचा जोर एक दिवसही टिकला नाही. शिवाय विल्हेल्मच्या तारेचा मसुदा बर्लिनच्या परराष्ट्र खात्यात तयार झाला होता. जिव्हाळ्याची सही खाली, सरकारी हिशेब वर. निकोलसने २९ जुलैलाच हा तंटा हेगच्या न्यायालयाकडे सोपवू असे सुचवले होते. १८९९ची हेग परिषद त्याच्याच पुढाकाराने भरली होती, म्हणजे ही सूचना मनापासूनची होती. विल्हेल्मच्या पुढच्या तारांत तिचा उल्लेखही नाही.

नुकसान झाले ते दुसऱ्या ठिकाणी. २६ जुलैला हाइनरिश बकिंगहॅम राजवाड्यात जॉर्जला भेटला. भेट छोटी, घरगुती. जॉर्जच्या नंतरच्या नोंदीप्रमाणे त्याने तटस्थ राहण्याची आशा तेवढी बोलून दाखवली. ब्रिटिश मंत्रिमंडळाने तेव्हा काहीच ठरवले नव्हते आणि राजाच्या हाती ते नव्हतेही. हाइनरिशच्या पत्रातून बर्लिनला पोचेपर्यंत त्या आशेचे आश्वासन झाले. मुत्सद्दी काहीही सांगोत, आपल्याकडे राजाचा शब्द आहे, अशी विल्हेल्मची समजूत झाली. आतेभावाला दिलेला शब्द मामेभाऊ मोडणार नाही, असे मानणारा माणूस परराष्ट्रमंत्री ग्रे यांचा इशारा कसा ऐकणार? तो इशारा ३० तारखेला समोर आला, तेव्हा विल्हेल्मने कागदाच्या समासात चार वर्षांपूर्वी वारलेल्या एडवर्डमामावर संताप ओतला. मेलेला मामा जिवंत भाच्यावर मात करतो आहे, अशा अर्थाचे. १ ऑगस्टला इंग्लंड तटस्थ राहील अशी आणखी एक वावडी लंडनहून आली. विल्हेल्म सारे सैन्य पूर्वेकडे वळवा म्हणाला आणि सेनापती मोल्टकेने ते अशक्य ठरवले. रात्री जॉर्जची तार आली, की काहीतरी गैरसमज झाला असावा. तो मजकूरही ग्रे यांनीच लिहून दिलेला. मग कैसरने मोल्टकेला मोकळीक दिली.

एक आक्षेप उरतो. रशिया आणि जर्मनीत राजाची सही निर्णायक होती, आणि निकोलसच्या चुलत चुलत्यांच्या बायका, मिलित्सा आणि अनास्तासिया, या माँटेनेग्रोच्या राजकन्या होत्या. पीटर काराजॉर्जेविचची दिवंगत बायको त्यांची थोरली बहीण. रशियाचा सरसेनापती ग्रँड ड्यूक निकोलाय आणि सर्बियाचा राजा हे साडूच. मग नात्याने आगीत तेल ओतले नाही का? मोह होतो खरा. पण त्यांची आणखी एक बहीण एलेना इटलीची राणी होती. तिचा नवरा त्याच नात्याने सर्बियाच्या राजाचा साडू. तरीही इटली १९१५च्या मेपर्यंत बाहेर राहिली आणि उतरली ती लंडनच्या गुप्त तहात कबूल झालेल्या मुलखासाठी. रुमानियाचा पहिला कारोल तर होहेनझोलर्न, जर्मनीच्या बाजूने उतरायला उत्सुक. ३ ऑगस्टला सिनायाच्या राजसभेत त्याच्याच मंत्र्यांनी त्याला अडवले. पुढे त्याचा पुतण्या फर्डिनांड, तोही होहेनझोलर्न, १९१६ साली जर्मनीविरुद्ध लढला. ग्रीसचा कॉन्स्टंटाइन विल्हेल्मचा सख्खा मेहुणा असूनही जर्मनीच्या बाजूने उतरला नाही. जिथे राज्याचे हित आणि नाते एका दिशेला होते तिथे नाते कारणासारखे दिसते. दिशा वेगळी झाली की कोण कुठे वळले, हेच पाहायचे.

जॉर्जने लढाया लढल्या नाहीत, पण त्याच्या नावाने पुष्कळ लढले. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी याच सम्राटासाठी मेसोपोटेमियात गेल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कुत-अल-अमारात कैद झाल्या. मुंबईचे गेटवे ऑफ इंडिया १९११ साली हाच राजा अपोलो बंदरावर उतरला त्याची आठवण म्हणून उभे आहे.

१९१७च्या मार्चमध्ये झारने गादी सोडल्यावर त्याला आसरा देण्याची तयारी ब्रिटिश सरकारने दाखवली होती. या खेपेला राजाचे मत खरोखर चालले. आपल्या सिंहासनाला धोका नको म्हणून जॉर्जच्या आग्रहाने ती तयारी मागे घेतली गेली. १७ जुलै १९१७ रोजी त्याने घराण्याचे जर्मन नाव टाकून विंडसर घेतले. बरोबर एक वर्षाने, १७ जुलै १९१८च्या पहाटे, येकातेरिनबुर्गच्या तळघरात त्याचा मावसभाऊ, अलिक्स आणि त्यांची पाचही मुले मारली गेली. दुसऱ्या दिवशी अलापायेव्हस्कजवळ अलिक्सची थोरली बहीण एलिझाबेथ मारली गेली. डार्मस्टाटच्या या बहिणींतली व्हिक्टोरिया इंग्लंडमध्ये होती. तिचा नवरा लुई बाटेनबेर्ग जर्मन वंशाचा म्हणून ऑक्टोबर १९१४मध्येच ब्रिटिश नौदलाच्या सर्वोच्च पदावरून उतरला होता. शांतता नावाची इरेन जर्मनीत होती. तिचा हाइनरिश युद्धात बाल्टिक समुद्रातल्या जर्मन आरमाराचा प्रमुख होता. समोर साडूची जहाजे.