विद्यार्थी, बहुमाध्यमी प्रकल्प आणि प्रताधिकार

प्रताधिकार, ज्याला व्यवहारात आपण कॉपीराइट म्हणतो, तो विद्यार्थ्यांना कलमे पाठ करून उमगत नाही. स्वतः एखादी कृती निर्माण करताना दुसऱ्याच्या कृतीशी संबंध आला, म्हणजेच त्याचा अर्थ ध्यानात येतो.

समजा, दिल्लीतील करोल बागेच्या विद्यार्थ्यांनी तेथील तिबिया कॉलेजवर एक लघुपट करण्याचे ठरविले. हकीम अजमल खान यांच्या या संस्थेचे उद्घाटन महात्मा गांधींनी १९२१ साली केले. इमारतीचे छायाचित्र विद्यार्थ्याने स्वतः घेण्यास प्रताधिकाराची आडकाठी नाही. उलट त्या छायाचित्राचा प्रताधिकार, कोणत्याही नोंदणीवाचून, त्याच्याकडेच येतो. ग्रंथातील मजकूर घ्यावयाचा असेल, तर मात्र लेखकाच्या निधनाचे वर्ष पाहावे लागते. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाला, त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे संरक्षण असते. म्हणूनच १९५० साली निवर्तलेल्या साने गुरुजींचे असे लेखन २०११ च्या प्रारंभी सर्वांना खुले झाले. चित्रपटगीताचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. कारण त्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण असे तीन निरनिराळे हक्क एकत्र आलेले असतात.

मग दुसऱ्याचे काहीच घेऊ नये काय? कायदा इतका कठोर नाही. १९५७ च्या अधिनियमाचे ५२ वे कलम अध्यापनाच्या ओघात शिक्षकाला व विद्यार्थ्याला कृतीची प्रत करण्याची मुभा देते. दिल्ली विद्यापीठातील अभ्याससामग्रीच्या छायाप्रतींसंबंधीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली या शब्दांचा व्यापक अर्थ लावला. परंतु तोच लघुपट इंटरनेटवर ठेवला अथवा विकला, तर शाळेसाठी असलेली ही सवलत गृहीत धरता येत नाही. तेथे हक्कधारकाची अनुमती मागणेच इष्ट.

शिवाय निर्मात्याचा मान हा पैशाहून वेगळा आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल यांचे भित्तिशिल्प १९७९ साली काढण्यात आले आणि त्याची हानी झाली. ते शासनाच्या मालकीचे असूनही २००५ साली न्यायालयाने शिल्पकाराचा हक्क मान्य केला.

म्हणून प्रत्येक प्रकल्पासोबत एक तक्ता जोडावयास सांगावे: कृती कोणाची, कोणत्या वर्षाची, कोठून घेतली, कोणत्या आधारे वापरली. हा तक्ता भरताना विद्यार्थ्याला दुसऱ्याच्या श्रमाचे मोल कळते. आणि त्यात स्वतःचे नाव लिहिताना आपल्या श्रमालाही तेच संरक्षण आहे, हे त्याला उमजते.