रिकाम्या उत्तराचा अर्थ कोणी सांगायचा?

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटाहाती एखादा डेटाबेस सोपवायचा झाला, म्हणजे नोंदी शोधून आणणारे एक लहानसे साधन तयार करावे, त्याला नाव द्यावे, ओळ-दोन ओळींचे वर्णन जोडावे आणि उरलेले त्या बुद्धिमान यंत्रणेवर सोडावे, अशी जी समजूत प्रोग्रामर मंडळींत आढळते, तिच्यामुळे होणारे नुकसान सहजासहजी नजरेस येत नाही. कारण अशा साधनातून चुकीचे उत्तर निघाले तरी ते अडखळत निघत नाही, शुद्ध भाषेत आणि पूर्ण आत्मविश्वासाने निघते.

मुळात एजंटाला दिसते काय? साधनाचा कोड बहुधा दिसत नाही, डेटाबेसातील तक्त्यांची रचना दिसत नाही, आणि साधन लिहिणाऱ्याच्या मनातील गृहीतके तर नाहीच नाहीत. एजंटाला साधने जोडून देण्यासाठी २०२४ च्या नोव्हेंबरात अँथ्रॉपिकने खुला केलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल घ्या किंवा त्याआधीच्या पद्धती घ्या, एजंटासमोर मुख्यत्वे तीनच गोष्टी येतात: साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि ते कोणती माहिती मागते याचा नमुना. वर्णन म्हणजे मागाहून जोडलेले परिशिष्ट, हा समज म्हणूनच निराधार आहे. एजंटापुरते ते वर्णन हेच साधन होय.

नमुन्यात रकान्याचा प्रकार नमूद केला की संदिग्धता संपते, हीही समजूत टिकत नाही. कर्करोगाच्या संशोधनात पदोपदी येणारे एक जनुक प्रयोगशाळेत ‘पी५३’ म्हणून ओळखले जाते, माणसाच्या बाबतीत त्याची अधिकृत संज्ञा टीपी५३ आहे, एनसीबीआय या अमेरिकी जैवतंत्रज्ञान माहिती केंद्राच्या जनुककोशात माणसाच्या या जनुकाचा क्रमांक ७१५७ व उंदराच्या जनुकाचा २२०५९ आहे, आणि युनिप्रॉट या प्रथिनकोशात माणसाच्या प्रथिनाची नोंद पी०४६३७ अशी आहे. ‘ओळखक्रमांक, अक्षरमाला (स्ट्रिंग)’ एवढेच लिहिलेल्या रकान्यात यांपैकी काहीही बिनतक्रार बसते. कोणत्या कोशाचा क्रमांक हवा, कोणत्या प्राण्याचा, आणि त्याचे एक खरे उदाहरण, हा तपशील वर्णनातच यावा लागतो.

तथापि रिकामे किंवा अपुरे उत्तर आपला अर्थ आपणच सांगते, ही समजूत सर्वांत घातक आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचा पबमेड हा साडेतीन कोटींहून अधिक नोंदींचा संग्रह घ्या. त्याचे ई-सर्च हे शोधद्वार, वेगळे सांगितले नाही तर, पहिल्या २० नोंदींचेच क्रमांक परत देते. एकूण किती सापडल्या तो आकडा उत्तरात निराळा असतो. साधनकर्त्याने तो आकडा गाळून केवळ यादी पुढे केली, तर हजारो लेख असलेल्या विषयावरही एकंदर २० लेख उपलब्ध असल्याचे एजंट निःशंकपणे सांगेल. मर्यादा वाढवली तरी पबमेडच्या पहिल्या १०,००० नोंदींपलीकडे हे द्वार नेत नाही. शिवाय एपीआय की (वापरकर्त्याची ओळख पटवणारी किल्ली) नसल्यास सेकंदाला ३ आणि असल्यास १० विनंत्यांची मुभा आहे. तिच्याबाहेरची विनंती नाकारली गेली आणि साधनाने तो नकार गिळून रिकामी यादी दिली, म्हणजे ‘या औषधावर संशोधनच झालेले नाही’ असा निष्कर्ष तयार होतो. ज्या माहितीचा संबंध उद्या एखाद्या रुग्णाच्या उपचाराशी येऊ शकतो, तिच्या बाबतीत हा प्रमाद मला अक्षम्य वाटतो.

अशा साधनाचे वर्णन मी पुढीलप्रमाणे लिहीन: ‘हे साधन लेखांची शीर्षके, सारांश व विषयसंज्ञा यांत शोध घेते, संपूर्ण लेखांच्या मजकुरात घेत नाही. एका वेळी २० नोंदी येतात. एकूण संख्या “एकूण” या रकान्यात पाहावी. ती शून्य असल्यास या शब्दांनी नोंद सापडली नाही, एवढाच अर्थ घ्यावा व शब्द बदलून पुन्हा शोधावे. “त्रुटी” हा रकाना भरलेला असल्यास शोध झालेलाच नाही.’

यावरून वर्णन जितके लांब तितके चांगले, असे मात्र कोणी समजू नये. वर्णनाचा मजकूर संभाषणाबरोबर एजंटाच्या मर्यादित संदर्भात, म्हणजे त्याला एका वेळी वाचता येणाऱ्या मजकुरात, जागा अडवून बसतो. डेटाबेसाचा इतिहास आणि त्याची थोरवी तेथे नको. साधन केव्हा वापरू नये, ही ओळ मात्र हवीच.

‘केवळ वाचनासाठी’ असे लिहिले म्हणजे बंदोबस्त झाला, हाही भ्रमच. वर्णनातील वाक्याने एजंट बहुधा वळतो, बांधला जात नाही. ज्या खात्यातून साधन डेटाबेसात शिरते, त्या खात्यालाच लिहिण्याचा अधिकार नसावा. शोधून आणलेल्या नोंदीतही कोणी हेतुपुरस्सर एखादी आज्ञा पेरलेली असू शकते, म्हणून नोंदीचा मजकूर निराळ्या रकान्यात, तो बाहेरून आलेला असल्याच्या स्पष्ट निर्देशासह परत करावा. आणि तेवढ्याने भागत नसल्यामुळे, त्याच एजंटाला ईमेल पाठविण्याची किंवा नोंदी खोडण्याची मुखत्यारी द्यायची असेल, तर प्रत्येक वेळी जबाबदार माणसाची मंजुरी घेण्याची तजवीज करावी.