दीड तासाची शाळा

"खरा अभ्यास म्हणाल ना काकू, तर दीड तासाचा. शाळेतला बाकीचा वेळ हजेरी, रांगा, गप्प बसा आणि डबा." आमच्या धरमपेठेतल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी ही बाई आपल्या सात वर्षांच्या मुलाला शाळेत पाठवत नाही, हे मला बरंच उशिरा कळलं. एप्रिलात सकाळच्या शाळांचे ऑटो भरभरून जात असताना हा पोरगा पिशवी घेऊन आईबरोबर गोकुळपेठेच्या बाजाराकडे निघालेला दिसायचा. ते खटकायचं. शेवटी विचारलं, मी आले तर चालेल का? "या की. पण आमच्याकडे बघण्यासारखं काही नसतं," ती म्हणाली.

होतं की. टमाटरच्या ढिगासमोर मुलगा उकिडवा बसला आणि एकेक दाबून निवडायला लागला. भाजीवाल्याने विचारलं, "काऊन रे बाबू, आज शाळा नाही का?" "सुट्टी आहे," मुलाने मान वर न करता सांगितलं. आई मला हळूच म्हणाली, "हे त्याला आम्ही नाही शिकवलं." टमाटर चाळीस रुपये किलो, घ्यायचे दीड पाव. हिशेब मुलाचा. आई दोन पावलं मागे उभी, पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. "वीस," मुलगा म्हणाला. बंद करकचला. बोटाचं टोक पांढरं पडलं, पण बाईच्या तोंडून शब्द नाही. भाजीवालाही बेरकी, तोही गप्प. "नाही, थांबा. पावाचे दहा, अर्ध्या पावाचे पाच. पंधरा!" बंद सुटला. मी स्वतः अशा वेळी तीनदा तरी बोलले असते.

घरी आल्यावर वाचन, शुद्धलेखन आणि गणिताचं एक पान झालं. नऊला सुरू केलेल्या वह्या साडेदहाला मिटल्या. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. दीड तास.

मी मात्र उठले नाही. अकराच्या सुमारास मुलाने विचारलं, कूलर पाणी प्यायल्यावरच हवा गार का करतो? तिने कूलरला खस लावली होती. पंप सुरू होताच तिचा ओला, मातकट वास खोलीभर पसरायचा. कणीक तशीच टाकून ती उठली. दोन फडकी आणली, एक ओलं, एक कोरडं. मुलाच्या दोन हातांना गुंडाळली आणि त्याला पंख्याखाली उभं केलं. कोणता हात गार? का? ओलं फडकं वाळल्यावर? पोरगा ते वाळेपर्यंत हटेना. कुकरच्या शिट्ट्या वाढत गेल्या, वरणाला खालून वास लागला, आणि कणकेवर साय धरली. हे सगळं त्या दीड तासात कुठे धरलं आहे, हे मला अजून उमगलेलं नाही.

मुलगा झोपला की रात्री ती दोनशे पानी वहीत लिहिते. आज काय वाचलं, काय विचारलं, कुठे अडला, उद्या काय द्यायचं. अशा वह्यांची चळत कपाटात आहे. आधी ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला होती. अक्षर अजून रिपोर्टावरच्यासारखं नेटकं आहे. नवरा बुटीबोरीच्या एमआयडीसीत. सकाळी आठला निघतो, संध्याकाळी साडेसातला येतो. माणूस भला, बायकोचं कौतुक असलेला. जेवताना मला म्हणाला, "लोक उगाच घाबरतात. शेवटी दीड तासच तर लागतो."

मुलाला शाळेतून काढायला कारण होतं. एका नावाजलेल्या इंग्रजी शाळेत केजी टूला असताना तो रोज सकाळी ऑटो यायच्या वेळेला ओकायचा. डॉक्टर झाले, नजर काढून झाली. शाळा बंद केली आणि ओकाऱ्या थांबल्या. यावर वाद घालायला मी कोण?

कायद्याची भीती तिलाही वाटली होती. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत दाखल करणं हे त्यात पालकांचं कर्तव्य मानलं आहे, पण न केल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. होमस्कूलिंगबद्दल त्यात काहीच म्हटलेलं नाही. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून चौदाव्या वर्षी दहावीला बसता येतं, त्यामुळे वाट अगदीच बंद नाही.

या वाटेवरच्या प्रत्येकाच्या तोंडी मुंबईच्या मालविका जोशीचं नाव असतं. तिने सातवीत शाळा सोडली, आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि 2016 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने तिला घेतलं. बारावीचा कागद नसल्याने आपल्या आयआयटीत मात्र तिला जागा नव्हती. ही गोष्ट सांगताना सगळे पदकांपाशी रेंगाळतात. तिला घरी शिकवायला तिच्या आईने कर्करुग्णांसाठीच्या संस्थेतली नोकरी सोडली होती, हे सांगणारा क्वचित भेटतो.

बाजाराची कल्पना या बाईने उचलली ती सेवाग्रामहून. नागपूरहून पंचाहत्तर किलोमीटरवर, आश्रमाच्या परिसरात आनंद निकेतन ही शाळा 2005 पासून नई तालीमच्या वाटेने चालते. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हा विचार मांडला आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा केला. हाताच्या कामातून शिक्षण ही मूळ कल्पना. तिथे मुलं वाफे करतात, सूत काततात, स्वयंपाक करतात आणि त्यातूनच गणित नि विज्ञान शिकतात. पण ती शाळा आहे. शिक्षक अनेक, सोबतीला वर्गभर मुलं, आणि शिकवणाऱ्याच्या हातात महिन्याला पगार. धरमपेठेत तीच नई तालीम एकटीच्या अंगावर पडली आहे. शिक्षक ती, शिपाई ती, सवंगडीही तीच.

सवंगड्याचं मला जास्त लागतं. टमाटरसमोर बसून "सुट्टी आहे" म्हणणारा तो पोरगा अधूनमधून आठवतो. हिशेब त्याला आला, यात शंका नाही. पण सात वर्षांच्या मुलाला रोज खोटी सुट्टी सांगावी लागावी?

भांडी घासायला येणाऱ्या मावशींचं मत मी न विचारताच मिळालं. त्यांची मुलगी महानगरपालिकेच्या शाळेत तिसऱ्या वर्गात आहे. दुपारची खिचडी तिथेच. ओट्यावर कढई आपटत त्या म्हणाल्या, "पोरगी शाळेत जाते म्हणून तं माही चार घरं होते. घरी ठेवलं तं खाईन काय?" शाळा काय शिकवते, यावर आम्ही दोघी तावातावाने बोलत होतो, शाळा आईला किती तास मोकळं करते, हे मावशींना तोंडपाठ होतं.

मी शेवटी विचारलंच, लॅबमध्ये तुझ्या एका तासाचे किती व्हायचे? ती हसली नाही. तिने हे मांडून बघितलेलं होतं, आकडा तयार होता, पण तो छापू नका म्हणाली.

जूनपासून आणखी दोन कुटुंबं जोडीला येणार आहेत. एक प्रतापनगरचं, एक लक्ष्मीनगरचं; मिळून पाच मुलं. दोन-दोन दिवस एकेका घरी, म्हणजे तिचे चार दिवस सुटतील, आणि जुन्या लॅबने अर्धवेळ यायला हो म्हटलं आहे. वेळापत्रक फ्रिजवर लावून झालं. सोमवार-मंगळवार ही, बुधवार-गुरुवार दुसरी आई, शुक्रवार-शनिवार तिसरी. तिन्ही वडिलांना मिळून रविवारचे दीड तास दिले आहेत, आणि त्यातल्या एकाने महिन्यातून दोनच रविवार जमतील असं आताच कळवलं आहे.